राणू नावाडी बुडतो की परत येतो

त्या शनिवारी मुलांचं भांडण झालं ते राणू नावाड्यावरून. इनास शिकलगार म्हणत होती, राणू बुडाला. ऋजुता म्हणत होती, परत आला.

राणू हा गोष्टीतला माणूस. नदीला पूर आलेला असताना पलीकडच्या वाडीतल्या अडलेल्या बाळंतिणीला आणायला तो नाव घेऊन जातो, एवढीच ती गोष्ट. एका जुन्या दिवाळी अंकातली. मिरजेतल्या पाच घरांतली मुलं शाळेत न जाता घरीच शिकत होती, आणि दर शनिवारी दुपारी ती शर्मिष्ठा उपाध्येच्या बाहेरच्या खोलीत जमून आठवडाभर वाचलेल्यावर बोलत. पाचही घरांनी विषय वाटून घेतले होते. इनासची आई रुखसाना गणित घ्यायची. आधुनिक इतिहास आणि मराठी शर्मिष्ठाकडे. नववी-दहावीच्या मुलांनी काय वाचायचं ते ती निवडायची, आधी स्वतःच्या डिजिटल पाटीवर वाचून पाहायची आणि मगच सगळ्यांच्या पाट्यांवर पाठवायची. राणूची गोष्ट तिनंच निवडलेली.

"अगं, बुडाला म्हणजे बुडालाच," इनास म्हणाली. "बंधाऱ्याजवळ नाव उलटी सापडते ना त्याची."

"काहीतरीच! पहाटे येतो तो. ओलाचिंब. आणि दारातूनच विचारतो, भाकरी आहे का?" ऋजुताला वाटलं, इनास चेष्टा करतेय.

"भाकरीबिकरी कुणी मागत नाही. शेवट वाचलाच नाहीस तू."

"हे बघ मग!" ऋजुतानं आपली पाटी तिच्यापुढे धरली.

इनास वाकली आणि वाचू लागली. दोघींच्या देखत, ओळीच्या मध्यावर, भाकरी नाहीशी झाली. अक्षरं दुधावरची साय सरकावी तशी सरकली आणि तिथं बंधारा आला, बंधाऱ्याजवळची उलटी नाव आली. ऋजुतानं पाटी हिसकावून स्वतःकडे वळवली. क्षणभरात नाव गेली, भाकरी परत आली.

मुलांना गंमतच सापडली. पुढचा अर्धा तास पाटी या हातातून त्या हातात फिरत राहिली. चौघांच्या डोळ्यांसमोर राणू बुडत होता आणि एकट्या ऋजुतासमोर परत येत होता. शर्मिष्ठाला आठवलं, महिन्यापूर्वी आपण वाचली तेव्हाही तो बुडालाच होता. मुलं हसत होती, पैजा लावत होती. तिला मात्र हसू येईना.

शर्मिष्ठानं चौदा वर्षं सांगलीच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती. एक वेलांटी चुकली तर छपाईला चढलेला फर्मा थांबवणारी बाई म्हणून तिचा दरारा होता. छापलेलं वाक्य उद्याही तेच असतं, या विश्वासावर तिचं आयुष्य गेलं होतं. आणि तरीही दीड वर्षापूर्वी आपल्या मुलीसाठी, ऋजुतासाठी, 'ओघ'ची पाटी तिनंच आणली होती. त्याला कारण होतं.

चार वर्षांपूर्वी कृष्णेच्या पुरात अभिनंदन गेला. तिचा नवरा. त्याचं शेतीपंपांचं दुकान होतं. इंजिनाची नाडी कळणारा माणूस म्हणून पावसाळ्यात आपत्ती पथकाच्या बोटीवर तो स्वयंसेवक म्हणून जायचा. शेवटच्या फेरीत बोटीच्या पंख्यात तारांचं कुंपण अडकलं आणि बोट उलटली. ऋजुता तेव्हा अकरा वर्षांची. त्यानंतर तिचं वाचन बंद पडलं. पुस्तक उघडायची, पहिल्या ओळीवर थांबायची आणि तासाभरानंही त्याच ओळीवर असायची. शाळेनं सहा महिने वाट पाहिली. मग शर्मिष्ठानंच तिला काढून घरी आणलं. डॉक्टर झाले, समुपदेशक झाले. शेवटी 'ओघ' आला आणि पहिल्याच महिन्यात पोरीनं अख्खं पुस्तक संपवलं. त्या दिवशी शर्मिष्ठा स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडली होती.

त्या यंत्राचे उपकार होतेच. म्हणून तर आता ते काय करतंय हे कळायला हवं होतं.

पाटीचं शास्त्र तिला ठाऊक होतं, निदान माहितीपत्रकाइतकं. आपली नजर ओळीवरून घरंगळत जात नाही, ती उड्या मारते. एका शब्दावर साधारण पाव सेकंद टेकते, पुढे उडी घेते, आणि दहातून एकदा मागे वळते. शब्द कठीण असला की जास्त टेकते. मनावर ताण आला की डोळ्याची बाहुली कणभर मोठी होते. आपल्याला कळत नाही, पण पाटीच्या कडेतल्या कॅमेऱ्याला कळतं. हजारो पानं वाचून झाली की पाटीला त्या वाचकाच्या डोळ्यांची चाल पाठ होते, इतकी की नजर पुढच्या परिच्छेदावर पोचायच्या आत, हा कुठे अडखळणार, ते तिला सांगता येतं. मग ती तो परिच्छेद बदलून ठेवते. अवघड शब्दाच्या जागी सोपा, लांब वाक्याची दोन वाक्यं. 'भाषा सोपी होईल, आशय तोच राहील,' असं खोक्यावर ठळक अक्षरात छापलं होतं.

आणि इथं मेलेला माणूस भाकरी मागत होता.

सोमवारी ऋजुता इनासकडे गेली असताना शर्मिष्ठानं तिची पाटी उघडली. उपयोग झाला नाही. तिनं वाचायला सुरुवात करताच पाटीनं तिचे डोळे ओळखले आणि राणू बुडाला. लेकीचं पुस्तक आईला वाचता येईना. ती पाहू लागली की ते आईचं पुस्तक व्हायचं. शर्मिष्ठानं पाटी उलटी धरून पाहिली, चष्मा काढून पाहिलं, एक डोळा मिटून पाहिलं. मग तिला स्वतःचंच हसू आलं.

छापखान्यात यावर जुना इलाज होता. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं मुद्रितावर पेन्सिल ठेवून ऐकायचं. ती सार्वजनिक वाचनालयात गेली. ग्रंथपाल कुंभोजकरांनी माळ्यावरून तो दिवाळी अंक शोधून दिला, वर शिंकत म्हणाले, "उपाध्येबाई, सात वर्षांत हा अंक मागणाऱ्या तुम्ही पहिल्या." तिनं गोष्टीची झेरॉक्स काढली, शेवट तेवढा पाहिला आणि घरी येऊन ऋजुताला सगळं खरं सांगितलं: तुझी गोष्ट आणि छापलेली गोष्ट वेगळी आहे, कुठे आणि का ते आपण दोघी मिळून शोधू या. तू वाच, मी पेन्सिल धरते.

"म्हणजे तू माझं प्रूफ तपासणार?" ऋजुता खूष झाली. "बस मग माझ्यामागे. पाटीला दिसू नकोस."

शर्मिष्ठा भिंतीला टेकून बसली, मांडीवर झेरॉक्स. ऋजुता वाचू लागली. दोन पानं जवळपास अक्षरशः जुळली. इथे तिथे एखादा शब्द सोपा झाला होता इतकंच. मग राणू वल्हं खांद्यावर घेतो ती जागा आली.

"'राणूनं बायकोकडे पाहिलं,'" ऋजुता वाचत होती. "'बायको म्हणाली, जा. ती बाई अडलीय, तुम्ही जा.'"

"थांब," शर्मिष्ठा म्हणाली. "हे कुठून आलं?"

"इथेच आहे की."

शर्मिष्ठानं झेरॉक्सवर पाहिलं. तिथंही तेच होतं. काळ्या शाईत, जुन्या खिळ्यांच्या टायपात. जा. ती बाई अडलीय, तुम्ही जा.

महिन्यापूर्वी तिनं वाचलेल्या गोष्टीत राणूची बायको झोपलेली होती. राणू तिला न उठवता हळूच दार ओढून निघून गेला होता. शर्मिष्ठाला ती जागा नीट आठवत होती, कारण ती तिला फार आवडली होती.

तिच्या हातातली पेन्सिल कागदावर टेकून राहिली. म्हणजे यंत्रानं एका लेकीचंच पुस्तक बदललं नव्हतं.

"आई? चुकलं का काही?"

"नाही. बरोबर आहे. पुढे वाच."

शेवटाला मात्र वाटा फुटल्या. छापलेल्या गोष्टीत नाव उलटी सापडत होती, आणि त्यानंतर दोन वाक्यं होती: 'तीन दिवस त्या घरात कुणी कुणाशी बोललं नाही. चौथ्या दिवशी मुलीनं आपणहून वल्हं उचललं.' ऋजुताच्या पाटीवर यातलं काहीच नव्हतं. तिथं पहाट होती, ओला राणू होता आणि भाकरी.

शर्मिष्ठानं जरा भीतभीतच झेरॉक्स पुढे केली. ऋजुतानं ती वाचली. उलट्या नावेपर्यंत तिची नजर सरळ गेली. शेवटच्या दोन वाक्यांवर मात्र ती बराच वेळ थांबली. मग कागद खाली ठेवून म्हणाली, "मरतो तर. बरं. पण एवढं मला का दाखवलं नाही? मी काय लहान आहे?"

"'ओघ'ला वाटलं असेल, पाणी आणि बुडणं..."

"पण मग पानशेत?"

खरंच की. गेल्या महिन्यात त्यांनी इतिहासात पानशेत केलं होतं. बारा जुलै एकोणीसशे एकसष्ट, धरण फुटलं आणि पुण्यात पाणी शिरलं, ऐंशी वर्षांपूर्वीची हकीकत. पाठाबरोबर पूरग्रस्त घरांतल्या लोकांच्या आठवणीही दिलेल्या होत्या. ऋजुता तो पाठ मोठ्यानं वाचू लागली आणि शर्मिष्ठा, तोंडात पेन्सिल धरून, ऐकू लागली. फुटलेली भिंत होती. वाहून गेलेली घरं होती. बुडालेली माणसं होती, झाडावर अडकलेली होती. काहीही झाकलेलं नव्हतं.

"बघ," ऋजुता म्हणाली. "पाण्याला घाबरत नाही तो. मेलेल्यांनाही नाही. मग राणूच्या वेळीच काय झालं त्याला?" तिचे डोळे चमकत होते. चार वर्षांत शर्मिष्ठानं ते असे पाहिले नव्हते. "आई, त्यांना फोन लावू या. ज्यांनी बनवलंय त्यांना."

'ओघ'वाल्यांना गाठायला तीन दिवस लागले. गुरुवारी सकाळी पडद्यावर निरंजन बोरगावे नावाचा चाळिशीतला माणूस आला. पाटीला नजर वाचायला शिकवणाऱ्या गटाचा प्रमुख. शर्मिष्ठानं भांडायची तयारी केली होती, पण तो माणूस ऐकता ऐकता वहीत लिहून घेऊ लागला आणि तिचा आवाज आपोआप खाली आला.

"मॅडम, आम्ही त्याला 'मृत्यू काढून टाक' असं कधीच सांगितलं नाही," तो म्हणाला. "काय काढायचं, काय ठेवायचं, काहीच सांगितलं नाही. एकच सांगितलं: वाचणारा थांबता कामा नये. बाकी सगळं तो स्वतः शिकला. बहुतेक मुलं कठीण शब्दावर थांबतात. म्हणून आम्हाला वाटलं, तो शब्दच सोपे करतोय."

"आणि आशय तोच राहील असं खोक्यावर छापलंय ते?"

बोरगावेनं पेन खाली ठेवलं. "ते छापलं तेव्हा आमचा तसाच समज होता," तो म्हणाला. "तो चुकला."

"पण मी कशावर थांबते?" ऋजुतानं मध्येच विचारलं.

"ते त्यालाही माहीत नाही, बाळ. त्याला फक्त जागा कळतात. इथे ही थांबेल, इथे थांबणार नाही. का, ते तो विचारत नाही."

"मग त्या जागांची यादी द्या."

बोरगावेनं चष्मा सरकवला आणि शर्मिष्ठाकडे पाहिलं. "अशी यादी असते. मूळ मजकूर काय होता, वाचकाला काय दिसलं, सगळं आम्ही साठवतो. त्या जागांना आम्ही आपापसात वळणं म्हणतो. वाचकाला द्यायची वेळ मात्र कधी आली नाही, कारण कुणी मागितलीच नाही. मुलीची यादी पालक म्हणून तुम्हाला पाठवतो."

"मुलीची मुलीलाच पाठवा," शर्मिष्ठा म्हणाली. "आणि माझीही असेल ना? ती मला."

ऋजुतानं वळून आईकडे पाहिलं.

दीड वर्षात ऋजुताच्या वाचनात भाषेपलीकडची एक्केचाळीस वळणं निघाली. रविवारी सकाळी नाश्त्याच्या बशा बाजूला सारून दोघी टेबलाशी बसल्या. ऋजुतानं यादी कागदावर छापून घेतली होती. पाटीवर वाचायचा धीर आता कुणालाच नव्हता. शर्मिष्ठाच्या हातात लाल पेन्सिल होती, सवयीनं. ऋजुतानं ती मागून घेतली.

पहिल्या दहा वळणांत काही सूत्र दिसेना. एका कादंबरीत बहीण सासरी गेल्यावर भाऊ कुणाशी न बोलता तिची खोली बंद करतो, ते पान गायब. गिरणी बंद पडल्यावर घरी आलेला कामगार भिंतीकडे तोंड करून बसतो, ते गायब. पण संप, मोर्चा, मारामारी सगळं जागच्या जागी. फाळणीच्या पाठात जळती गावं होती, पण 'आईनं मरेपर्यंत त्या गावाचं नाव घेतलं नाही' असं सांगणाऱ्या मुलाची आठवण वगळलेली. पानशेतमध्येही एक सापडलं: पूर ओसरल्यावर घरी परतलेलं कुटुंब चिखल काढत राहतं आणि कुणी त्या सकाळबद्दल बोलत नाही, एवढा एकच परिच्छेद.

"हा ऐकताना माझ्याही लक्षात आला नव्हता," शर्मिष्ठा म्हणाली. "पाठाची छापील प्रत नव्हती ना माझ्यासमोर."

ऋजुता एकेका जागेला खूण करत होती. विसाव्या वळणापाशी तिचा हात मंदावला. तिसाव्यापाशी थांबला.

"आई."

"हं?"

"सगळीकडे कुणीतरी गप्प बसलंय."

शर्मिष्ठानं कागद स्वतःकडे ओढला. एक्केचाळीस ठिकाणी कुणी मेलं नव्हतं, कुणी बुडालं नव्हतं. जे व्हायचं ते आधीच होऊन गेलं होतं. एक्केचाळीस घरांत मागे राहिलेली माणसं एकमेकांसमोर बसली होती आणि बोलत नव्हती. राणूच्या घरातला तो अबोला नको म्हणूनच पाटीनं बुडालेल्या राणूला परत आणलं होतं.

"आपल्यासारखी," ऋजुता हळूच म्हणाली. तक्रार नव्हती त्या आवाजात. कोडं सुटल्यावर माणूस उत्तर सांगतो, तसं तिनं सांगितलं.

खालच्या रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. शर्मिष्ठाला उठावंसं वाटलं, बशा उचलाव्याशा वाटल्या, नळ सोडावासा वाटला. चार वर्षं ती हेच करत आली होती. आधी पोर लहान आहे म्हणून त्या दिवसाचं नाव काढलं नाही, मग ती सावरतेय म्हणून, आणि मग काढायचं कसं ते आठवेना म्हणून.

"तुझ्या यादीत काय आहे?" ऋजुतानं विचारलं.

शर्मिष्ठानं घडी केलेला कागद साडीच्या निऱ्यांजवळ खोचला होता, तो काढून टेबलावर उलगडला. तिची अकराच वळणं होती. ऋजुता वाचू लागली. सैनिकाची आई म्हणते, जा. मास्तर विद्यार्थ्याला म्हणतात, जा. राणूची बायको म्हणते, तुम्ही जा. अकरा ठिकाणी कुणीतरी कुणाला तरी पाठवलं होतं, आणि शर्मिष्ठाच्या पाटीवर ती सगळी माणसं आपापली निघून गेली होती, कुणीही न पाठवता.

"त्या दिवशी सकाळी," शर्मिष्ठा म्हणाली. तिनं पाणी प्यायलं आणि पुन्हा सुरुवात केली. "त्या दिवशी सकाळी पथकाचा फोन आला तेव्हा तुझ्या बाबांना ताप होता. फार नाही, कणकण. त्यांनी मला विचारलं, जाऊ का? मी नाही म्हटलं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं. मी म्हटलं, जा. त्यांना इंजिनवाला माणूस नाही, तुम्ही जा." ती टेबलाकडे पाहत होती. "मी पाठवलं, ऋजू. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही."

ऋजुतानं लाल पेन्सिल खाली ठेवली. मग तिनं विचारलं, "तू तेव्हा कुठे होतीस?"

"कुठे म्हणजे? स्वयंपाकघरात. ओट्यापाशी."

"म्हणजे पाठमोरी. मी दारात होते." ऋजुता पुढे झुकली. "आई, बाबा तुला 'जाऊ का' म्हणाले ना, तेव्हा त्यांच्या अंगात ते केशरी जॅकेट होतं. पट्टे पण लावलेले. माझ्याकडे बघून त्यांनी ओठावर बोट ठेवलं आणि डोळा मारला. मग तुला विचारलं."

शर्मिष्ठानं मान वर केली.

"तू नाही म्हणाली असतीस तरी ते गेलेच असते. थोडं भांडून गेले असते, एवढंच." ऋजुता यादीचा कागद दुमडत होती. "मला वाटायचं, तुला माहितीय. मला वाटायचं, तू माझ्यावर रागावलीयस, मी तेव्हा ओरडून सांगितलं नाही म्हणून. म्हणून तू बोलत नाहीस."

आधी शर्मिष्ठा खुर्चीवरून उठली की ऋजुता, ते दोघींनाही नंतर सांगता आलं नसतं. रडणं बराच वेळ चाललं. मग चहा झाला, आणि चहाबरोबर अभिनंदनच्या गोष्टी निघाल्या, दुपारच्या जेवणापर्यंत पुरल्या. डोळा मारायची त्याची सवय, त्याचं ते जॅकेट, त्याचा तो मोडका वॉटरप्रूफ रेडिओ. पोट दुखेपर्यंत त्या रेडिओच्या एका प्रसंगावर हसल्या आणि मग पुन्हा रडल्या.

पुढच्या शनिवारी पाचही घरांतले पालक जमले. रुखसाना म्हणाली, "शर्मिष्ठाताई, मी तर म्हणते, पाट्या परत करून टाकू. माझ्या मुलीच्या पुस्तकात कुणी हात घालायचा नाही." दुसऱ्या एका घरातला मुलगा पाटीशिवाय पानभरही वाचू शकत नव्हता, त्याच्या वडिलांचा चेहरा पडला. शर्मिष्ठाला दोघांचंही पटत होतं. एक पोर वाचायला लागली ती या यंत्रामुळे, आणि चार वर्षांनी घरात बोलणं सुरू झालं तेही, उलट्या वाटेनं का होईना, त्यामुळेच.

शेवटी ठरलं ते असं. पाटी राहील, पण ती चालताना आधाराची काठी म्हणून. निवडलेल्या प्रत्येक पाठाची छापील प्रत कुंभोजकरांच्या मदतीनं मिळवायची. न मिळाल्यास तो पाठ निवडायचाच नाही. शनिवारी छापील प्रत मोठ्यानं वाचायची. आणि ज्याची त्याची वळणांची यादी ज्याच्या त्याच्या हातात. दुसऱ्यांना दाखवायची की नाही ते त्यानंच ठरवायचं. बोरगावेनं पाचही घरांना याद्या पाठवायचं कबूल केलं. खोक्यावरचं ते वाक्य बदलायला मात्र वरून परवानगी लागते, म्हणाला.

"आता पुढच्या सत्राचा इतिहास," शर्मिष्ठानं मुलांना विचारलं. "काय निवडायचं? या वेळी तुम्ही सांगा."

"आपला पूर," ऋजुता म्हणाली. "चार वर्षांपूर्वीचा."

"पण त्याचा पाठ कुठेच नाही," इनास म्हणाली. "मी शोधलाय."

"नसू दे. माणसं आहेत ना."

म्हणून पुढच्या रविवारी सकाळी शर्मिष्ठानं स्कूटर काढली. मागे ऋजुता, तिच्या मांडीवर वही. पथकाच्या प्रमुखानं फोनवर नदीपलीकडच्या गावातलं एक नाव दिलं होतं: बापू खोत. अभिनंदनच्या शेवटून दुसऱ्या फेरीत बोटीत बसलेला म्हातारा. त्या दिवशी अभिनंदननं एकूण किती माणसं आणली हे शर्मिष्ठाला ठाऊक नव्हतं. प्रमुखानं सांगितलं, त्रेसष्ट. वाटेत दोन वेळा ऋजुतानं तो आकडा स्वतःशीच म्हटला.

बापू खोत गोठ्यापुढच्या बाजेवर बसले होते. कोण आलंय ते कळल्यावर त्यांनी सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितलं, दोघींना बाजेवर बसवलं आणि स्वतः जमिनीवर बसायला लागले. शर्मिष्ठानं हाताला धरून त्यांना वर घेतलं. ऋजुतानं वही उघडली.

"आजोबा, त्या दिवशी काय झालं ते सांगाल?"

म्हाताऱ्यानं टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. तिची कड बोटांनी चाचपत राहिला. चहा आला, निवला. गोठ्यात म्हैस शेपटीनं माशा वारत होती. शर्मिष्ठाच्या मनात आलं, काहीतरी बोलावं, विषय बदलावा, म्हाताऱ्याला सोडवावं. तिनं ऋजुताकडे पाहिलं. पोर पेन्सिल हातात धरून शांत बसली होती, घाई न करता, डोळे म्हाताऱ्याच्या तोंडावर.

"तुझ्या बानं," बापू खोत अखेर म्हणाले, "मला शिवी दिली."

"बाबांनी?" ऋजुतानं आ वासला. "शिवी?"

"म्हशीला सोडून येत न्हाई म्हनलो मी. पानी इथवर." त्यांनी छातीला हात लावला. "त्यो बोटीत हुबा, हात पुढं करतोय, आन् मी म्हशीचं दावं धरून बसलेलो. दोनदा गोडीनं सांगितलं त्यानं. तिसऱ्या खेपंला आशी हासडली, का म्हैसबी दचकली! दावं सुटलं हातातनं. तवाच मला वडून घेतलं त्यानं. म्हैस पोहत गेली वरच्या माळाला. हीच ती."

ऋजुता हसत होती. डोळ्यांतलं पाणी वहीवर पडत होतं आणि ती हसत होती. "कुठली शिवी, आजोबा? मला लिहून घ्यायचंय."

बापू खोतांनी कान पकडला, संकोचानं शर्मिष्ठाकडे पाहिलं. "बाई, पोरीच्या जातीपुढं... जरा बदलून सांगू का?"

"नको," शर्मिष्ठा म्हणाली. "त्यांनी दिली तशीच सांगा."